नवऱ्याची सही

१२ ऑगस्ट, मंगळवार

बाई, तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही, याबद्दल क्षमा करा. आजही या वहीत लिहिते आहे ती धीर आला म्हणून नव्हे, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही म्हणून.

एम.ए.ला तुम्ही आम्हाला आंतरराष्ट्रीय संबंध शिकवत होता. दोन देशांतल्या कामगार करारावरचा माझा निबंध तुम्ही भर वर्गात परत केलात. "वीस पानं लिहिलीस, त्यात एक माणूस नाही. बाई तर नाहीच नाही. करार काय मंत्री राबवतात होय गं?" मला वाटलं, तुम्ही उगाच टोचता.

आता तसा करार मीच राबवते. बुधवार पेठेतलं आमचं ऑफिस परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवतं: वेल्डर, गवंडी आणि सगळ्यात जास्त नर्सेस. तिकडच्या लेकीसुना कामावर जातात, म्हाताऱ्यांना बघायला आपल्या बायका लागतात. नर्सच्या अर्जाला नवऱ्याचं संमतिपत्र जोडायचं, ही अट दोन्हींपैकी एकाही सरकारची नाही. ती माझी आहे. एकदा एकीचा नवरा येऊन ओरडला, "माझी बायको विकता काय?" मी घाबरले आणि कागदांच्या यादीत एक ओळ वाढवली. वेल्डरकडे बायकोची सही मागावी, हे मला सुचलंसुद्धा नाही.

मे महिन्यात मांजरी गावातली एक नर्स आली. निवड झालेली, भाषेची परीक्षा पास. म्हणाली, "मॅडम, व्हिसा हातात आल्यावरच घरी सांगणार आहे. आधी कळलं तर नवरा जाऊ द्यायचा नाही. सही मागायचा सरकारी नियम आहे का?"

मी हो म्हटलं.

"मग सरकारलाच पाठवा ना म्हाताऱ्यांची अंगं पुसायला," ती हसून म्हणाली आणि कागद घेऊन गेली.

चौथ्या दिवशी तिची बहीण अर्ज मागे घ्यायला आली. सही मागताच नवऱ्यानं पासपोर्ट जाळला होता, तिचं उजवं मनगट मोडलं होतं. माझा चेहरा बघून बहीणच म्हणाली, "तुमचा काय दोष मॅडम? नियमच तसा." मी मान डोलावली.

ती ओळ आज दुपारी यादीतून काढली. मिनिटभर लागलं. ऑफिसात कुणाच्या लक्षातही आलं नाही. खरं बोलून तिचं मनगट पूर्ववत होणार नाही. हलकं होईल ते माझंच मन, म्हणून मी तीन महिने गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला भीती वाटत होती.

उद्या : तिच्या बहिणीला फोन करून सांगणे, असा नियम नव्हता.