राहिलेला पाऊस

॥ श्री ॥
बेडसे, २० जून १९३८

चि. गेणूस आक्का झुंबरबाईचे अ. उ. आशीर्वाद.

कोंडाजी मास्तरांना बजावलंय, मी बोलते तसंच लिहा, तुमचं पुणेरी मधी घुसडू नका. आमी समदी बरी हावोत. नंदाला सातवा लागलाय. पयली खेप, ती म्हायारीच व्हायला पायजे. तिची सासू लय कडक. मुराळी म्हणून मामाच यावा, दुसऱ्या कुणाबरुबर सून धाडायची न्हाई, असा निरोप आलाय. तिचा बाप असता तर तुझ्या विनवण्या केल्या नसत्या. आठव्यात पोटुशी बाई गाव बदलत न्हाई, म्हणून ह्याच पंधरवड्यात ये आन तिला नदीच्या अल्याड आण. गावातल्या निम्म्या बायका माझ्या हातावर बाळंत झाल्या, आन माझी पोर दुसरीच्या हाती? मला घास गोड लागत न्हाई बघ.

तू तितं धरणावर पाऊस मोजतोस म्हणं. मोजून झाला की निघ. माया हाय तशी राहू दे.

तुझी आक्का


लोणावळा, २५ जून १९३८

ती. आक्काच्या चरणी गेणूचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. मास्तरांना माझा नमस्कार, पुणेरी बिलकूल घुसलेलं नाही. मुराळ्याचा मान मिळाला म्हणून मी इथं मिशीला पीळ देत फिरतो आहे. पण आक्का, येऊ कसा? भुशीच्या तळ्यावर रोज सकाळी मी पाऊस मोजतो. कचेरीत जुन्या सगळ्या सालांचा पाऊस मिळवून दर महिन्याची सरासरी काढून ठेवली आहे. यंदाचा जून सरासरीच्या निम्म्यालाही पोचलेला नाही. म्हणजे राहिलेला पाऊस आता एकदम कोसळणार. घाटमाथ्यावर एक रात्र पडला तर पवना सकाळी दुथडी भरते, हे तुला का सांगायला हवं? थोरल्या वहिनीला पोटातल्या बाळासकट नदीनं आपल्या डोळ्यांदेखत नेलं. मी काठावर नुसता ओरडत होतो. नंदाचा हात धरून त्या पाण्यात उतरायचं मला धाडस होत नाही गं.

जुलैत सगळी तूट भरून जाऊ दे. नववा लागेल तोवर नदीही उतरेल. तेव्हा बैलगाडी करून, मिरवत आणतो पोरीला. रागावू नकोस, लोभात उणं पडू देऊ नकोस.

तुझा गेणू


बेडसे, ८ ऑगस्ट १९३८

चि. गेणूस अ. उ. आशीर्वाद.

आठवा सरत आला. हितं चक्क ऊन पडलंय. भाताची रोपं जाग्यावर पिवळी पडली, लावणी रखडली. कुटं हाय तुझा राहिलेला पाऊस? आभाळाला तुझा कागद वाचता येतो व्हय रं? मला बी डोळं मिटलं की वहिनी दिसती, म्हणून तवा गप बसले, तुला दोष देत न्हाई. पण बाजारची माणसं सांगत्यात, नदीला पानीच न्हाई. मी पांढऱ्या कपाळाची. मुराळी म्हणून उभी राहिले तर सासू दारातनंच माघारी लावील. भाताचं काय व्हायचं ते होवो, माझी पोर मला आणून दे.

आता कागद धाडू नको, सोता ये. आक्काला इसरू नको.

तुझी आक्का


लोणावळा, १२ ऑगस्ट १९३८

ती. आक्काच्या चरणी सा. न. वि. वि.

तू लिहू नको म्हणालीस तरी लिहितो. जुलैही कमीच पडला. एवढी तूट इथल्या कुणाला आठवत नाही, आणि तीच माझी भीती आहे. इतका पाऊस मागं राहिला, तो कुठंतरी अडून बसला असणार. ढग दिसला की छातीत धस्स होतं, नाही दिसला की जास्तच होतं. साहेब मला हसतात. परवा रजेचा अर्ज लिहिला, आणि घाटाकडं काळं दिसलं म्हणून फाडून टाकला. आक्का, थोडं थांब. पोळ्याला मी नक्की येतो, वहिनीची शपथ. मला भित्रा म्हण, पण तुझा म्हण.

तुझा गेणू


पल्याडची वाडी, ५ सप्टेंबर १९३८

ती. मामांस नंदाचा सा. न. वि. वि.

आईला तुम्हाला लिहायला होत नाही, म्हणून मीच कळवते. पोळ्याआधीच कळा लागल्या. दोन दिवस अडले. बाळ आडवं होतं, इथल्या सुईणीला वळवता आलं नाही. शेवटी सासूबाईच घाबरल्या, हिच्या आईला आणा म्हणाल्या. माणूस पळत गेला. आई आली, तिनं मला वाचवलं. बाळ तेवढं राहिलं नाही. मुलगा होता.

आई नदीतनं चालत आली, मामा. लुगड्याचा काठसुद्धा भिजला नव्हता.

तुमच्यावर माझा राग नाही. असता तर लिहिलं नसतं. आई सांगते, तुम्ही माझ्याच जिवाला भ्यालात. मला ते कळतं, पण रडू थांबत नाही. दिवस भरत आले तशी मी धुण्याचं निमित्त करून रोज नदीवर जायचे. पाणी घोट्याएवढं. मुराळ्याशिवाय निघायचं नाही, म्हणून या काठावर बसून तुमची वाट बघायचे.

आता पाऊस पडो न पडो, मला न्यायला या. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची भाची
नंदा