फटींचं बॉनेट बदलू नये

मी, खाली सही करणारी, हॉटेलांच्या भटारखान्यांना धुराडी बसवण्याच्या धंद्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, तसला दाखला आजवर दाखवलेला नाही, याची नोंद घ्यावी.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या यजमानांना. गाडीबद्दल त्यांचं मत कुणी विचारू नये. ते गाडीत बसल्या बसल्या झोपतात.

२. पत्रा कापायच्या कात्र्या, लाकडी हातोडे आणि वर्कशॉपची किल्ली भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला. कात्र्या तिने कुणाला उसन्या देऊ नयेत. बापाला तर नाहीच.

३. बाबांची लाल, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार, तीही भाचीलाच. हे कलम लांबणार आहे, वकीलबाईंनी धीर धरावा.

ही गाडी पहिल्यापासून घाटात तापायची. इंजिनची धग बॉनेटखाली कोंडायची, काटा लाल रेघेवर जायचा आणि शेजारी बसणाऱ्याचे पाय भाजून निघायचे. बाबांना ती घाटमाथ्यावर एका दमात कधीच नेता आली नाही. ते गेले तेही ही हौस मनात ठेवून. मग जुन्या गाड्यांच्या क्लबचे चिटणीस, आमचे दादा, पुढे सरसावले. त्यांनी बिजागऱ्यांखाली वॉशर घालून बॉनेट काचेच्या बाजूला बोटभर उचललं.

"गरम हवा वर जाते, मागून निघून जाईल. साधी गोष्ट आहे."

"मग माझे पाय अजून का भाजतायत?"

"तुझे पायच नाजूक आहेत."

हवेला विचारल्याशिवाय भोक पाडायचं नाही, असं आमच्या धंद्यात मानतात. मी बॉनेटभर लोकरीचे तुकडे चिकटवले आणि दादालाच गाडी चालवायला लावली. काचेजवळची लोकर त्याच्या फटीतून सरळ आत गेली. वारा काचेवर आपटून तिथे दाटतो आणि आत घुसतो. म्हणजे धग बाहेर जाणं दूरच, ती उलट आमच्या पायांवर ढकलली जात होती! रेडिएटरच्या जरा मागे मात्र लोकर उभी राहून नाचत होती. तिथे हवेला बाहेर पडायचं होतं. मी वॉशर काढले, तिथला पत्रा कापला आणि मागे तोंड असलेल्या तिरक्या फटी पाडल्या.

"बाबांच्या गाडीला कात्री लावलीस? तू गेल्यावर मी हिला पुन्हा होती तशी करीन!"

तेव्हापासून दादाने एक अखंड बॉनेट आणून कपाटामागे ठेवलं आहे. वहिनी ते पुसते. दादा गाडीत बसलेला नाही. आणि गाडी? घाट एका दमात चढली, काटा मध्यावरून हलला नाही. माथ्यावर मी वेड्यासारखा हॉर्न वाजवला. इतका आनंद मला कशानेच झाला नव्हता.

अट एवढीच, की फटींचं बॉनेट बदलू नये. पावसात गाडी उभी करताना फटींवर ताडपत्री घालावी, नाहीतर इंजिनात पाणी जाऊन ती रुसते आणि दादाला आयतं बोलायला मिळतं.

४. दादाला काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असं वकीलबाई म्हणतात, म्हणूनच त्याला साक्षीदार केलं आहे. त्याला द्यायची एकच वस्तू, गाडीतली शेजारची सीट, मी जिवंतपणीच देते आहे. सह्या घाटमाथ्यावरच्या विश्रामगृहात करायच्या आहेत. गाडी भाची चालवणार आहे, मी वकीलबाईंबरोबर येईन. दादा म्हणाला, बसने येतो. रविवारी बस नसते.

स्थळ: विश्रामगृहाचा व्हरांडा. वार रविवार, तारीख वकीलबाईंच्या शिक्क्याप्रमाणे.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिल्या: शेजारच्या दंतवैद्यबाई (सही)

साक्षीदार दुसरा, स्वहस्ते: हिने माझ्यासमोर सही केली. मुलीने गाडी एका दमात वर आणली. कपाटामागचं बॉनेट कुणीतरी घेऊन जा. आज बाबा असायला हवे होते. पाय भाजले नाहीत. दादा (सही)