थाळीवरचं मेण

२५ डिसेंबर १९७१, संध्याकाळ

नाताळची उपासना छान झाली, असं सगळे म्हणतात. मग मी ही थाळी पुढ्यात घेऊन का बसले आहे?

डोंगरावरच्या ठाकरवाडीतले सोमाबाबा थाळीवर कथा लावतात. पितळी थाळीत मेणाने काडी उभी करायची, तिच्यावरून बोटं ओढत राहायची. थाळी घुमते आणि त्या सुरावर कथा चालते. यंदा चर्चमध्ये येशूजन्माची कथा त्यांनीच लावावी, हा हट्ट माझा. थाळीही माझ्याच घरची.

आणि काय सांगत होते! त्यांची मरिया दिवस भरलेली, आमचाच घाट चढत होती. योसेफ तिला करवंदीच्या जाळीआड बसवून पाणी शोधायला गेला... तेवढ्यात उपासना घ्यायला येणाऱ्या पाळकसाहेबांची जीप आली. आणि मी, वर्गात मुलांना गप्प करते तशी, म्हणाले, "बाबा, आता पुरे."

त्यांची बोटं काडीवरच थांबली. "बाई, लावलेली कथा अशी सोडत न्हाईत. पोटुशी बाई वाटंत ऱ्हायली."

मी हसले. का हसले? त्यांनी काडी उपटली आणि चहासुद्धा न घेता निघून गेले. मग साहेबांनी गव्हाणीत बाळ ठेवलं, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

थाळीला मेण तसंच आहे. दोनदा खरवडायला घेतलं, हात धजेना. सकाळी मेणासकट थाळी घेऊन वाडीवर जाते. बाबा बोलतील का माझ्याशी?

गव्हाणीत बाळ हसतंय, आणि त्याची आई अजून घाटातच, पाण्याची वाट बघत.