डावीकडची पिन

१२ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या बाबांचा खोकला आता फक्त सकाळचा उरलाय. स्वयंपाकघरातला नळ त्यांनी स्वतः दुरुस्त केला. आता तो आधीपेक्षा जास्त गळतो, पण तसं बोलायचं नाही असं मी ठरवलंय.

परवा फोनवर मी तुला म्हटलं, पाकीट हातात पडेपर्यंत सायकलवर बसू नकोस. तू कारण विचारलंस, तेव्हा म्हटलं की पायडलच्या दांड्यातल्या पिनांचा माल नरम निघाला. या पाकिटात दोन नव्या पिना आहेत. बुश, म्हणजे ती छोटी पोकळ नळी, आणि बोल्ट तुझ्या हत्यारांच्या डब्यात आहेतच. तिथल्या सायकलवाल्याला एवढंच सांग: नट सोडवायचा, पिनेच्या जाड टोकावर बुश ठेवायचा, बुशातून बोल्ट पिनेच्या आतल्या आट्यांत घालायचा आणि पान्याने फिरवत राहायचं. पिन आपली आपण बुशात ओढली जाते. हातोडा लावू देऊ नकोस.

खरं तर एवढं लिहून पाकीट चिकटवणार होते. दोनदा डिंकाची बाटली उघडली आणि बंद केली.

तू नोकरीला निघालीस तेव्हाचं आठवतं ना? तुझ्या आईची सायकल तुला बरोबर हवी होती आणि ती सुटी करून खोक्यात घालायची होती. पायडलचा दांडा काही निघेना. त्या काळच्या सायकलींत दांडा आणि आस यांना जखडून ठेवणारी बोटभर लांबीची पाचर असते, तीच ही पिन. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने ती हातोड्याने ठोकली, तिचे आटे चेपले, मग ड्रिलने पोखरून काढली आणि त्या खटाटोपात दांड्याला एक खोच पडली.  त्या दिवसात दोन वेळा उठून त्या खोचेवरून बोट फिरवताना मी तुझ्या बाबांना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपात आले. आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत मी लेथवर काय करते हे बघायला ते एकदाही आले नव्हते. मी डबा विसरले तर ते फाटकावरच्या वॉचमनकडे ठेवून जायचे. त्या दिवशी मात्र आत आले. रुमालात गुंडाळलेल्या दोन कोऱ्या पिना माझ्यापुढे धरल्या आणि म्हणाले, "हातोडा न लावता निघेल असं काही करता येईल का गं?"

मी म्हटलं, "येईल की." आणि मला बरंसुद्धा वाटलं, काही क्षण.

जाड टोकाकडून भोक पाडून आत आटे पाडायचे, ही माझी कल्पना. भोक आठ मिलिमीटर खोल, त्यापुढे नाही. पुढे आसाचा भार येतो, तिथे पिन भरीवच राहिली पाहिजे. उजवीकडची पिन मी अशी केली की आमचे मिस्त्री बघत राहिले. तुझे बाबा माझ्या मशीनशेजारी स्टुलावर बसले होते आणि मिस्त्रींनी सहज विचारलं, "वहिनींची सायकल का?"

"नाही, हिची नाही," बाबा म्हणाले. आणि मग सांगायला लागले. घरात तुझ्या आईचं नावही न काढणारा माणूस. ती शाळेत शिकवायला सायकलवरून कशी जायची, वह्यांचा गठ्ठा कसा बांधायची. एकदा शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर कॅरिअरला अडकली आणि तिला पत्ताच नाही, थेट शाळेपर्यंत ओढत नेली. मुलांना वाटलं काहीतरी समारंभ आहे, सगळी चादरीच्या मागे रांगेने चालत आली. हे सांगताना बाबा हसले. डोळे पुसत, मांडीवर थाप मारत. मला ते हसणं ठाऊकच नव्हतं. माझ्या वाट्याला आलेला माणूस गालातल्या गालात हसतो.

मी डावीकडची पिन मशीनला लावली होती. हात चाकावर होता आणि कान तिकडे. भोक पंधरा मिलिमीटर गेलं.

चूक कोणाच्याही हातून होते, चोवीस वर्षांत माझ्याही झाल्यात. अशी पिन भंगाराच्या डब्यात जाते. मी माप घेतलं, पंधरा आलं, पुन्हा घेतलं. मग तिला आटे पाडले, घासली, पुसली आणि बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "तुझ्या हातात जादू आहे."

माल उत्तम होता, भिंगरी. फोनवर मी खोटं बोलले.

तू पडावीस असं मला वाटत होतं का, हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. नाही. ती सायकल मोडावी असं वाटत होतं. तिच्यावर तुझे पाय असणार, हा विचार मी मनात शिरूच दिला नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी बाबांनी मला त्या सायकलवर बसायला शिकवायचं ठरवलं होतं. मी सीटवर होते, त्यांनी मागून धरलं होतं आणि तू दारात उभी होतीस, तेरा वर्षांची. तू पाठ फिरवून आत गेलीस. बाबांनी सायकल आत नेऊन ठेवली ती ठेवलीच. चार वर्षांच्या मुलीला मागे ठेवून वारलेली बाई, आणि घरात तिची जागा माझ्यापेक्षा पक्की. लाज वाटते लिहायला, पण मी तिच्यावर जळत होते.

गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस की नव्या ऑफिसच्या वाटेवर पुलाचा चढ आहे आणि तू उभी राहून पायडल मारतेस, मजा येते. त्यानंतर मला चैन पडलं नाही. पिना बदल. मग हवं ते बोल.

मावशी


३ मार्च, रविवार

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र शुक्रवारी वर्कशॉपात मिळालं. वाचून मी मशीन बंद केलं आणि मिस्त्रींना सांगून घरी आले.

बोल्ट दोन फेरे फिरला आणि पिनेचं डोकं तेवढं बुशात आलं, बाकीची आतच राहिली, असं तू लिहितेस. तू पाठवलेला तुकडा मी पाहिला. मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजलेला आहे, अर्धा चकचकीत. म्हणजे ती चीर त्या दिवशीची नाही. किती दिवस तू तिच्यावर उभी राहून चढ चढत होतीस, ते मला मोजायचं नाही.

बाबांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं, मापासकट. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. जेवले नाहीत.  आज सकाळी चहा घेताना म्हणाले, "तिच्याबद्दल मी तुझ्यासमोर इतकं बोलायला नको होतं."

मी म्हटलं, "बोला हो. पण मशीन चालू असताना नको."

त्यांनी कप खाली ठेवला. "पोरीला काही झालं असतं तर मी तुला माफ केलं नसतं," म्हणाले.

"मीही केलं नसतं," मी म्हटलं.

तू अजून चिडलेली आहेस, ते बरोबरच आहे. माझी तक्रार नाही. उजवीकडची जुनीच पिन ठेवलीस आणि डावीकडची तेवढी बदललीस, हे वाचून मात्र मी थोडा वेळ कागद खाली ठेवला. तीस-चाळीस किलोमीटर चालवलीस की दोन्ही नट पुन्हा आवळ. नवी पिन बसताना थोडी ढिली होतेच, कोणीही केलेली असली तरी.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला टोचली. तू लिहितेस, 'चादरीची गोष्ट मला पहिल्यांदा तुझ्या पत्रातून कळली. बाबांनी ती तुमच्या मिस्त्रींना सांगितली, मला कधीच नाही. आई मला नीट आठवतही नाही. मला तुझा हेवा वाटला, मावशी, तू तिथे होतीस म्हणून.'

मी हे बाबांना वाचून दाखवलं. दुपारी ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि सांगायला लागले. मी लिहून घेतलं. ते थांबले की मी विचारायचे, मग काय झालं? सोबतची चार पानं त्याचीच आहेत. अक्षर माझं आहे, त्याला इलाज नाही. बाबांचं तुला लागलं नसतं.

माझ्या मनातलं जळणं गेलं असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. तिसऱ्या पानावर काही ओळी खोडलेल्या दिसतील. लग्नाआधी ती बाबांना सायकलवर डबलसीट घेऊन गेली होती, स्वतः पायडल मारत, आणि बाबांनी मागून तिच्या वेणीचं टोक धरलं होतं. लिहिता लिहिता मी ते खोडलं. तू आणि मी, दोघींपैकी कोणालाच ते मिळू नये असं वाटलं.

मग चौथ्या पानावर पुन्हा पूर्ण लिहिलं आहे. वाच.

तुझी
मावशी