उजव्या बाजूच्या गाठी

४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाचायला दोन दिवस लागले, म्हणून उत्तराला उशीर. कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावर फिरली तरी तिचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं येईल. साठी उलटून पाच वर्षं झाली, आता तरी सुधार.

बातमी अशी, की मी दुकान बंद केलं. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं उघडली, पुसली, मिटली. आता पुरे. हौस म्हणून एक मोठं काम हाती घेतलंय. वाचनालयात दोनशे वर्षांपूर्वीच्या एका युद्धनौकेचा नकाशा सापडला. तीन डोलकाठ्या, चौऱ्याहत्तर तोफा. तिची लाकडी प्रतिकृती करतोय, सहा फुटाला एक इंच या मापाने. म्हणजे नाकापासून शेपटापर्यंत सव्वातीन फूट भरेल. जेवणाचं टेबल मी ताब्यात घेतलंय आणि तुझी वहिनी ताट मांडीवर घेऊन जेवते. फळ्यांना बाक देण्यासाठी किटलीच्या वाफेवर धराव्या लागतात, त्यामुळे चहालाही लाकडाचा वास येतो असं तिचं म्हणणं. मला तरी येत नाही.

काम असं आहे : तुमच्या शिवणकामातला काज करायचा जाड दोरा मला हवाय. काळा आणि मातकट, दोन्ही. मेण लावलेला असेल तर उत्तम.

तुझा लोभ आहेच, दोऱ्याबरोबर तोही थोडा गुंडाळून पाठव.

तुझा धाकटा


१५ जानेवारी

चि. आरमारप्रमुखास,
अ. उ. आ.

दोरा पाठवलाय. सहा रिळं काळी, चार मातकट. मेण मी स्वतः लावलंय, तेव्हा वाया घालवलास तर माझ्याशी गाठ आहे.

अरे, तुला साधी आंघोळीची बादली पाण्याने भरायचा कंटाळा, आणि तू आरमार काढतोस? लहानपणी कागदाची होडी करून दिली होती मी, ती गटारात बुडाली म्हणून तू जेवला नव्हतास. आता चौऱ्याहत्तर तोफांची बुडाली तर तुला समजवायला कोण येणार?

माझ्या अक्षराबद्दल बोलू नकोस. मी जन्माची डावरी. बाबांनी समोर बसून उजव्या हाताने लिहायला लावलं, त्याची ही फळं. ज्या टेलरमास्तरांकडे पहिल्यांदा बसले, त्यांनी सुई खुशाल डाव्या हातात धरू दिली, म्हणून आज गावभर माझ्या काजांना नाव आहे. लिहायचंही त्यांच्याकडे शिकले असते तर तुला बोलायला जागा उरली नसती.

पण दुकान असं एकाएकी का बंद केलंस ते काही लिहिलं नाहीस. घड्याळाशिवाय तू करमणारा माणूस नव्हेस. नीट कळव.

वहिनीला सांग, तिचं टेबल तिला परत मिळेपर्यंत माझा आशीर्वाद तिच्या बाजूने.

तुझी ताई


२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोरा फर्मास. नौकेचं अंग पूर्ण झालं. तोफा जुन्या घड्याळांच्या पितळी पिना कापून केल्यात, चौऱ्याहत्तरच्या चौऱ्याहत्तर. डोलकाठ्या उभ्या राहिल्या. त्यांना दोन्ही बाजूंनी दोरशिड्या असतात, खलाशांना वर चढायला. प्रत्येक पायरी प्रत्येक उभ्या दोराला एकेक गाठ मारून बांधायची. एका बाजूला सहाशेच्या वर गाठी. डाव्या बाजूच्या झाल्या. उजव्या राहिल्यात.

दुकानाचं काय विचारतेस, कंटाळा आला इतकंच.

जास्त लिहीत नाही. ख्यालीखुशाली कळवत जा.

धाकटा


११ मार्च

चि. आरमारप्रमुखास,
अ. उ. आ.

तुझं पत्र हातात पडलं आणि मी मोठ्याने हसले. माझ्या शिवणाच्या दुकानातल्या मुलींना बोलावून दाखवलं. अरे, काय हे अक्षर! ओळी टेकडी चढताहेत, वेलांट्या घरंगळताहेत. छापील अक्षराचा घड्याळजी ना तू? वर्गात सगळ्यांना तुझी वही दाखवायचे! कोंबडी आता तुझ्याकडे राहायला आली म्हणायची. देव आहे रे बाबा. पंचावन्न वर्षं ऐकून घेतलं, आज माझं पारणं फिटलं.

ते पत्र मी मशीनच्या वर भिंतीला चिकटवलंय. येणारं-जाणारं गिऱ्हाईक पाहतं. उजव्या बाजूच्या गाठी झाल्या की कळव, आणि त्या अक्षरासारख्या मारू नकोस म्हणजे झालं.

माया आहे म्हणून टोमणे आहेत, दोन्ही असेच चालू राहोत.

तुझी ताई


१६ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

यांच्या नकळत लिहितेय, तेव्हा उत्तर माझ्या बहिणीच्या पत्त्यावर पाठवा.

तुमचं पत्र आलं. नेहमी ते मला मोठ्याने वाचून दाखवतात आणि मध्येच तुमची नक्कल करतात. या वेळी एकट्याने वाचलं, घडी करून ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. तुमची काही चूक नाही, तुम्हाला ठाऊकच नव्हतं. यांचा उजवा हात थरथरतो. वर्ष होत आलं, पण या दोन महिन्यांत फार वाढलंय. दुकान कंटाळून नाही बंद केलं. एका बाईंच्या मनगटी घड्याळाचं चाक यांच्या चिमट्यातून निसटलं, शोधूनही मिळालं नाही. यांनी दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं. डॉक्टर म्हणाले की गोळ्यांनी कमी राहील, पण जाणार नाही. डावा हात अगदी ठणठणीत आहे.

नौका घेतली ती स्वतःलाच दाखवायला, की हात अजून चालतो म्हणून. डाव्या बाजूच्या गाठी कशा मारल्या ते मी पाहिलंय. दिवसाला तीस, कधी दहाच. आता वीस दिवस झाले, चिमटा घेऊन उजव्या बाजूसमोर बसतात आणि एकही गाठ न मारता उठतात. परवा म्हणाले, ही पूर्ण झाली नाही तर हत्यारांची पेटी कुणालातरी देऊन टाकेन. वन्सं, ती पेटी गेली तर हा माणूस नुसता खुर्चीत बसून राहील हो. मला भीती वाटते.

मी सांगितलं असं कळू देऊ नका. तुमच्याशिवाय ते कुणाचं ऐकत नाहीत.

तुमची
वहिनी


२२ मार्च

सौ. वहिनीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. भिंतीवरचा कागद आधी काढला. मुलींनी विचारलं काय झालं, तर सांगितलं की चेष्टा जुनी झाली. अगं, त्याच्या अक्षराचा मला लहानपणापासून हेवा होता, म्हणून तर एवढी हसले.

तू आता काही बोलू नकोस. तो दया दाखवलेली खपवून घेणार नाही. मी त्याच्यावर हुकूम सोडते. मोठ्या बहिणीचा हुकूम मोडायची त्याला सवय नाही.

तू स्वतःला जप. मांडीवर ताट घेऊन जेवणं बंद, टेबलाचा एक कोपरा तरी मागून घे.

तुझी वन्सं


२३ मार्च

चि. आरमारप्रमुखास,
अ. उ. आ.

ऐक. तू दोरा मागितलास तेव्हा मी मेण लावून दिला. त्याची मजुरी म्हणून मला त्या नौकेत वाटा हवा. हल्ली सगळ्यांना मशीनचे काज चालतात, माझे हात रिकामे असतात, आणि रिकामे हात म्हणजे मी दुकानातल्या मुलींना बोलत सुटते. त्यांच्यावर दया कर. उजव्या बाजूच्या शिड्या मला पाठव. चौकटीवर दोर ताणून दे, आम्ही भरतकामाला कापड ताणतो तसे, आणि गाठ कशी मारायची ते लिही. डाव्या बाजूचं श्रेय तुझं, उजवीचं माझं. नाही म्हणालास तर मी स्वतः येऊन तुझ्या टेबलावर बसेन आणि महिनाभर हलणार नाही. तुझ्या बायकोला विचार, तिला काय परवडेल.

वाट पाहते, उत्तराची नव्हे, चौकटीची.

ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

धमकीला घाबरून तीन चौकटी पाठवतोय, एकेका डोलकाठीची एकेक. गाठ अशी : दोरा उभ्या दोरावरून घे, मागून काढ, वर तिरपा चढव, पुन्हा मागून घेऊन त्या तिरप्या वेढ्याखालून ओढ. खलाशांची जुनी गाठ आहे, साधी दिसते पण सैल पडली तर माणूस समुद्रात. फार आवळू नकोस, नाहीतर उभे दोर कंबर बांधल्यासारखे आत ओढले जातात. नमुन्याच्या चार गाठी मी वेगळ्या तुकड्यावर मारून दिल्यात. चारच. त्यांच्यावर हसायचं नाही.

तुला उद्योग हवा म्हणून देतोय हं. मला गरज आहे म्हणून नाही.

धाकटा


१८ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तिन्ही चौकटी कापसात गुंडाळून पाठवल्यात. सहाशे चोवीस गाठी. डोळ्यांतून पाणी आलं, मान आखडली, आणि बोलणी खायच्या मुली सगळ्या खूश. चौकट खिडकीपाशी ठेवून रोज दुपारी बसायची. त्यांनी माझं नाव खलाशीणबाई ठेवलंय. तुझ्या चार नमुन्यांवर हसले नाही. पहिल्या तीन बऱ्या आहेत. चौथी मी सोडून पुन्हा मारली, रागावू नकोस.

खरं सांगू का, मजा आली. इतक्या वर्षांत तू मला पहिल्यांदाच काहीतरी करू दिलंस.

सुखरूप पोचल्या का ते लगेच कळव. तोवर मला घास गोड लागणार नाही.

ताई


१४ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

वि. वि. मुद्दाम गाळलंय, हात दमतो. एवढं एक पान लिहायला मला चार दिवस लागलेत. का ते शेवटी सांगतो.

शिड्या पोचल्या. मी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं आणि कपाळाला हात मारला. ताई, तुझी प्रत्येक गाठ उलटी आहे! माझ्या गाठींचा तिरपा वेढा डावीकडे झुकतो, तुझ्या सहाशे चोवीस गाठी उजवीकडे. मी तुला गाठ शिकवताना तू डावरी आहेस हेच विसरलो, आणि तू बिनघोर तुझ्याच हाताने बांधत सुटलीस. चौकटी पुन्हा कापसात गुंडाळून ठेवल्या. सोडायच्या म्हटलं तर सगळ्या सोडाव्या लागणार, आणि पुन्हा मारणार कोण?

मग तुझी वहिनी म्हणाली, की आधी लावून तरी बघा. चिमटा तिने धरला, सूचना मी दिल्या, आणि तिने मला चारदा गप्प बसवलं. लावून झाल्यावर नौकेला मी दोन्ही बाजूंनी पाहिलं. डाव्या बाजूने पाहावं तर नौकेचं नाक डावीकडे असतं, उजव्या बाजूने पाहावं तर उजवीकडे. माझ्या गाठी पुढे झुकलेल्या, तुझ्याही पुढे झुकलेल्या! दोन्ही बाजू एकमेकींना आरशात पाहताहेत. दोन्हीकडे मीच बांधल्या असत्या तर एक बाजू कायम मागे बघत राहिली असती. हे मला सुचलंच नव्हतं गं.

नौका पूर्ण झाली. परवा वाचनालयातले लोक घेऊन जातील, खिडकीजवळ काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. तोवर ती दिवाणावर हलवली, आणि टेबल परत मिळालं म्हणून वहिनीने त्यावर पाय पसरून चहा घेतला. हत्यारांची पेटी घरातच आहे.

तुला सगळं ठाऊक होतं हे मला तुझा हुकूम वाचला तेव्हाच कळलं. आयुष्यात तू माझ्याकडे काम कधी मागितलं नव्हतंस. वहिनीला रागावलो नाही. उलट बरं वाटलं.

आता एक कबुली. तू आठ वर्षांची होतीस, बाबा नसताना माळ्यावर बसून डाव्या हाताने लिहायचीस. सुरेख लिहायचीस. बाबांना ते कुणी सांगितलं, हे तुला कधी कळलं नाही. मी सांगितलं. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं म्हणून. मग ते तुझ्यासमोर छडी घेऊन बसले, आणि मी तुझ्या कोंबडीच्या पायांना जन्मभर हसलो. माफ कर मला.

हे पत्र मी डाव्या हाताने लिहिलंय. चार दिवसांत इतकंच जमलं. तू ये आणि समोर बसून शिकव. मी हट्ट करीन, कंटाळेन, तरी उठू देऊ नकोस. छडी आणलीस तरी चालेल.

हसलीस तर मोठ्याने हस आणि हे पान पुन्हा भिंतीला चिकटव.

तुझा धाकटा,
आता डावरा