रूपरावाचं नाव तव्यावर कसं गेलं

मु. आंजी मोठी
संक्रांत झाल्यावरचा बुधवार

नाई रे बाबा, तुले बदनाम करासाठी नाई गायली मी. काल तुहा गडी लहानू निरोप घेऊन आलता. निरोप घरात येऊन सांगाचा असते, पन थो कवाडाच्या बाहेरूनच बोंबलला, "आनंदाबाई, रूपरावभाऊ इचारते, माहं नाव बाजारात काऊन मांडलं? अन् म्हनते, शोभाच्या लग्नाले येऊ नोका!" साऱ्या आंजीनं आयकलं. शेजारची जिजाबाई भाकर थापता थापता थांबली, तिची भाकर करपली. तुहा निरोप माह्या गान्याच्या तव्यापेक्षा मोठ्यानं वाजला, रूपराव, अन् त्याले किल्ली द्या लागली नाई.

पाय, उत्तराची घाई झाली अन् रीत राह्यली. चिरंजीव रूपरावले थोरल्या बहिनीचा आशीर्वाद (राग असला तरी घेऊन ठेव, आशीर्वाद नासत नाई). सौ. शकुबाईलेई आशीर्वाद, तिच्या गुडघ्याले आता उतार असन. तीळ कुटून शेकत जाय म्हना. तुह्या शोभा लेकीच्या गालाचा मुका. तुह्या पवनारले धाम नदीचं पानी कसं हाय, हरभरा घाट्यावर आला काय, थे कयवजो. इकडे मी खुशाल हाय. म्हंजे बकरी आटली, डाव्या कानानं कमी आयकू येते, अन् काल रातच्याले जेवली नाई, बाकी खुशाल.

आता मुदलापासून सांगतो, म्हंजे तुले समजन का यात माहा दोष किती अन् नशिबाचा किती. आपलं फाटलं थे तुह्या धाकट्या पोराच्या बारशाले. म्या पायन्यापाशी बसून एवढंच गायली, का वहिनीनं भाजलेले रोडगे इतके टनक, पोट्टे त्याईनं विटीदांडू खेयतात. साऱ्या बाया हासल्या. शकुबाईई हासली (म्या पायलं, पदराआड हासली). पन रातच्याले तिच्या मायनं कान फुकला असन, सकायी तिनं तोंड फिरवलं. मी म्हनलं, निवन दोन दिसात. त्या साली दिवाईले मले माहेरी न्याले तुही बैलाची दमनी आली नाई. म्या म्हनलं, बैल आजारी असन. पुढच्या सालीई आली नाई. एकाच घरचे बैल इतके दिस आजारी राह्यत नाई, एवढं मलेई समजते. दोन डाव कोनाच्या हातून चिठ्ठी अन् निरोप धाडला, एक डाव तियाचे लाडू धाडले. लाडूचा डब्बा वापस आला, रिता, धुतलेला. धुतलेला डब्बा वापस येनं काय असते थे बाईच जाने.

आता गान्याचं. आमच्या फाट्यावर अण्णाजीचं चायचं हाटेल हाय, तिथं भोंग्याची पेटी हाय, तिच्यावर तवे वाजवते (भाकरीचे नाई, गान्याचे, काये, गोल, मधात भोक पाडलेले). नागपूरच्या एका लहानशा कंपनीचा बाबू त्याले नवे तवे दाखवाले आलता. शेवटची मोटर चुकली म्हनून थो अण्णाजीच्या वसरीत निजला. अन् अण्णाजीची वसरी अन् माहं जातं, मधात एकच कूड. पह्याटे म्या दयनाले सुरवात केली, तं कुडाच्या फटीतून चष्मा दिसला. मी मापाची पायली फेकून मारनार होती त्या चष्म्यावर. पन थो हात जोडून म्हने, "बाई, थांबू नका, पुढं म्हना." माह्या नवऱ्यानं साऱ्या जन्मात मले पुढं म्हन असं नाई म्हनलं, थांब असंच म्हनलं. भुलली मी. पंधरा दिसानं जिजाबाईले सोबत घेऊन नागपूरले गेली.

आता हासजो नोको. माडीवरची एक खोली, भितीले साऱ्या रजया टांगलेल्या. मले वाटलं, बायंतीनीचं घर हाय, रजया वायू घातल्या. थ्या म्हने बाहेरचा आवाज येऊ नये म्हनून. मधात एक लोखंडी कनीस लोंबत होतं, जवारीचं असते तसं, त्याच्यात तोंड करून गाचं. म्या तोंड उघडलं तं ओवी निंघेच ना. बाबू म्हने लाजता काऊन? म्या म्हनलं, लाजत नाई, पन हात रिकामे हायेत. हात फिरल्याबिगर माहा गया फिरत नाई. मंग दोघं गडी खालच्या बिऱ्हाडातलं जातं घेऊन जिने चढले. एकाचं बोट चेमटलं, थो गायला तेच जास्त चांगलं होतं. जातं मांडलं, फिरवलं, तं नुसती घरघर. बाबू कानावरचे डब्बे काढून म्हने, बाई, तुम्ही गाऊन राह्यल्या काय? म्या म्हनलं, रिकामं जातं दगड खाते, घास टाका. घास म्हनून जवारी आनली. तरीबी माहा आवाज बुडालाच. शेवटी त्यानं काय केलं असन? जात्याच्या दोन पायीच्या मधात रजईची घडी घातली. मी रजई दयत बसली, रूपराव. जिजाबाई तोंडात पदर कोंबून जिन्यात जाऊन बसली. तिथंबी एक पेटीवाला मले सूर दाखवून राह्यला होता, का इथून उचला. म्या म्हनलं, दादा, माहा सूर जात्याच्या खुट्यात असते, खुटा जिथं येते तिथून उचलतो. थो रुसला (मानूस रुसला का मले तुही आठवन येते), पन वाजवलं त्यानं.

अन् तव्याच्या एका बाजूले जेवढं गानं मावते, तेवढ्यातच सरवाचं. आपन तं पायलीभर दयनाले पायलीभर गातो. थो म्हने, बाई, भाकर थापून होते तेवढ्यात आटपा. असे तीन तवे केले, म्हंजे सहा बाजू. शेतीच्या, मायच्या, सासूच्या, जात्याच्या, अन् एका तव्याच्या दोन्ही बाजू भावाच्या.

आता तुले ठाऊक हाय, भावाच्या ओवीत नाव घाला लागते. बिननावाची ओवी म्हंजे बिनमालकाचं ढोर, कोनाच्याई वावरात शिरते. मायनं मामाचं नाव घेतलं, म्या तुहं घेतलं. दुसऱ्या कोनाचं घेऊ? मले एकच भाऊ. म्या अशी गायली:

दिवाईच्या सनाले साऱ्याइच्या लेकी आल्या,
माह्या रूपरावाच्या बैलाच्या घंट्या कुठं गेल्या?

पवनार दूर नाई, धामचं पानी घोट्याएवढं,
रूपराव भावाले माह्या जोखड झालं केवढं!

यात वाईट काय हाय, सांग. इचारलं फक्त. अन् मले वाटलं, तालीम चालू हाय. मशीन चालू झालं का नाई, हे आपल्यासारख्या बाईले काय समजनार? अन् त्याच तव्याच्या पाठीमागं दुसरी बाजू हाय, थे तुले कोनी सांगतलं नाई काय? तिथं म्या गायली:

जात्यापाशी बसली, केली मांडीची म्या गादी,
रूपराव भाऊ निजे, उठे ना दयनाच्या आधी.

माय वावरात जाये अन् तू माह्या मांडीवर, पीठ उडून तुह्या भोवया पांढऱ्या होत. म्हातारा दिसे तू. थे सारं हाय तिथं. गाता गाता माहा गया भरला, तं बाबू म्हने, लय छान, असंच राहू द्या. त्याले काय, गया कायनं भरला थे त्याले थोडी इचाराचं होतं.

मंग तवे आले. खिशे असलेलं पुट्ट्याचं पुस्तक, त्यात तिन्ही तवे. वर फोटू. रूपराव, फोटूत एक गोरीपान पोट्टी, कपायावर रुपयाएवढं कुकू, हातभर हिरव्या बांगड्या, जात्याले असा हात लावला जसं थे तापलं हाय. खाली नाव, 'कुमारी आनंदी'. कुमारी! माहा नातू शायेत जाते. म्या बाबूले चिठ्ठी धाडली तं त्याचं उत्तर आलं, का बाई, पांढऱ्या कपायाचा फोटू सनासुदीले कोनी घरात नेत नाई. खरंच हाय त्याचं. पन त्या दिसी म्या आरशावर फडकं टाकलं, थे अजून काढलं नाई.

अण्णाजीनं हाटेलात तव्याचा कारेक्रम केला. भोंग्याले हार घातला, नारय फोडला. मी निंबाखाली उभी राह्यली, नारय फुटताना समोर कायले जावं. भोंगा बोलला तं मी जिजाबाईले म्हनलं, हे म्हातारी कोन कोकलून राह्यली? थे म्हने, तूच हायेस. पन घंट्याची ओवी आली अन् हाटेलातले सारे टेबल बडवाले लागले. पुन्हा लाव, पुन्हा लाव! त्याच दिसापासून अण्णाजी तेच तेच वाजवते. बाकीच्या तव्याइवर धूय बसली. म्या त्याच्या पाया पडली, का अण्णाजी, तवा पालटव, दुसऱ्या बाजूले माह्या भावाचं चांगलं हाय. थो म्हने, "आत्याबाई, चांगलं आयकून चाय कोन पिते?" एक दिस थो मागं दूध तापवाले गेला, तं म्याच तवा पालटवला. सुई आडवी धरली, कर्र झालं, सुई मोडली अन् तव्यावर रेघ पडली. आता त्या बाजूले तू मांडीवर निजतोस अन् तिथंच अडकतोस. निजे, निजे, निजे, निजे. तेव्हापासून अण्णाजी मले हाटेलाची पायरी चढू देत नाई.

हे सारं मी हासून लिवून राह्यली, पन लहानूनं बाकीचं सांगतलं तव्हा मले हासू आलं नाई. म्हने वर्धेच्या कापसाच्या बाजारात तुही गाडी शिरली का पोट्टे घंट्या वाजवतात. म्हने अडत्यानं इचारलं, "रूपरावजी, घंट्या सापडल्या काय?" अन् तू गाडी तिथंच सोडून पायी निंघाला. शोभाच्या होनाऱ्या सासऱ्यानंबी इचारलं म्हने, का तुमी बहिनीले आनत नाई काय. तुहं तोंड कसं झालं असन, मले इथून दिसते. लहानपनी मार खाल्ल्यावर होये तसंच. तव्हा मी मधात पडत होती, रूपराव. आता मारनारी मीच. लोकं हासतात म्हनून मी सारा जन्म बोलत आली, पन तुह्यावर लोकं हासावे हे मले नोको होतं. ही जीभ मले नडली. शकुबाईचे रोडगे खरं म्हंजे नरम होते, तिले सांगजो. टनक म्हनलं तं ओवी बसली, एवढंच.

थांबतो. कंदिलाची वात चढवून चढवून सरली. बैलाइच्या पाठीवरून माहा हात फिरवजो.

तुही थोरली बहीन,
आनंदाबाई

ता.क. लहानूच्या हाती वायीव हयदीची कांडं अन् शोभासाठी हिरवं लुगडं धाडलं. लुगडं म्या अंगाले लावलं नाई, जिजाबाईनं दुकानात उचललं अन् तिनंच बांधलं, म्हनून अपशकुनाचं काई नाई. डब्बा नाई धाडला, धुवाचा तरास नोको.

ता.क. दुसरं. आता खरं सांगतो कायले लिवलं थे. मले शोभाच्या लग्नाले येऊ दे. आत्याचा मान नोको, मांडवात नाई येनार, हयदीच्या पाटाजवय नाई येनार. मी कोठ्यात ढोराइपाशी बसीन अन् हयद दयताना तिथूनच गाईन, बिननावाचं. कोनी इचारलं तं सांगजो, दयनारीन आनली. दमनी नोको धाडू, मी पायी येतो. फक्त 'ये' एवढं लहानूजवय सांगून धाड. हयूच सांगन म्हना, बोंबलून नोको.

ता.क. शेवटचं. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फाडलं. तालीम चालू हाय असं मले वाटलं, थे खोटं हाय. मशीन चालू कराच्या आधी बाबूनं मले दोनदा सांगतलं होतं, "बाई, नाव काढा, नुसतं भाऊराया म्हना, मानसाले राग येईन." म्या म्हनलं, नाव राहू द्या. चिठ्ठ्या थो वाचत नाई, निरोप थो आयकत नाई. येऊ दे राग, पन येऊ दे.