राखून ठेवलेले अकरा आवाज

रविवार, दुपार

प्रिय काका,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. ‘यंत्र हरलं, माझी टायपिस्टबाई जिंकली’ या वाक्याखाली तुम्ही दोनदा रेघ मारलीत, दुसऱ्यांदा तर कार्डाला भोक पडेपर्यंत. सूनबाईंनी खाली बारीक अक्षरात लिहिलंय, की शुक्रवारच्या सत्कारासाठी बाबांनी कोट इस्त्रीला टाकलाय आणि भेटेल त्याला थांबवून हीच गोष्ट सांगतायत. फोन केला असता तर पाच मिनिटांत झालं असतं. पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे माझं प्रत्येक वाक्य सूनबाईंनी तुमच्या कानाशी ओरडायचं, आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. भिंग घेऊन बसा, आणि जमलं तर एकटेच बसा.

चार वर्षांपूर्वी मी पाणीखात्यात तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, याआधी काय करायचीस. मी म्हटलं, हॉस्पिटलात टायपिस्ट होते, डॉक्टर बोलायचे ते हेडफोनवर ऐकून रिपोर्ट टाइप करायचे, सतरा वर्षं. तुम्ही म्हणालात, म्हणजे कान तयार आहे. मग नोकरी का सोडलीस, असं तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. आता सांगते. तिथे एक यंत्र आणलं होतं. डॉक्टर बोलले की ते आपोआप लिहायचं, पण चुकायचं फार. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही फक्त त्याच्या चुका दुरुस्त करत जा. सात महिने मी त्या चुका इतक्या जीव लावून दुरुस्त केल्या, की पोटच्या पोरीचा अभ्यासही तेवढा घेतला नसेल. हाडांचे म्हातारे डॉक्टर वाक्यातला शेवटचा शब्द गिळतात, भुलीच्या बाई सर्दी झाली की ‘न’चा ‘द’ करतात, सगळं त्याला शिकवलं. एके दिवशी अख्ख्या दिवसात चारच चुका निघाल्या. मी घरी जाऊन लेकीला कौतुकाने सांगितलं, बघ, कसं तयार केलं. पुढच्या मंगळवारी अकरा वाजता माझ्या हातात पाकीट ठेवलं.

त्यानंतरचे चौदा महिने कसे गेले ते मी कुणाला सांगत नाही. एवढंच सांगते, की स्वयंपाकघरात रेडिओ लागला की माझी बोटं टेबलावर आपोआप टाइप करायला लागायची. बातम्या, हवामान, साबणाच्या जाहिराती, सगळं. लेक माझ्या हातांवर हात ठेवून म्हणायची, आई, पुरे आता.

आणि मग ती पहिली पहाट. सगळे तुम्हाला कानवाले काका म्हणतात एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, दांडी हातात घेऊन दांडी मारायची नाही, रोज साडेपाचला हजर. मग रस्त्यातलं ते लोखंडी झाकण उघडलंत, लाकडी दांडीचं टोक खाली व्हॉल्व्हवर टेकवलंत आणि वरची वाटी माझ्या कानाला लावलीत. काका, त्या रस्त्यावरून मी वीस वर्षं भाजीला जात होते. मला वाटायचं रस्ता म्हणजे डांबर. आणि तिथे खाली एवढं चाललेलं! तुम्ही बोट दाखवत सांगत होतात, ही सळसळ तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतंय त्याची, हे टुकटुक कोपऱ्यावरच्या मीटरचं, ही शिट्टी म्हणजे कुणाच्या तरी नळाचा वायसर गेलाय. मी गुडघ्यांवर बसून रडले होते. तुम्हाला वाटलं मी थंडीने कुडकुडतेय, म्हणून तुम्ही मला तुमची कानटोपी दिलीत. ती अजून माझ्याकडे आहे.

सहा आठवड्यांत तुम्ही मला सगळं देऊन टाकलंत. हातचं काही राखलं नाहीत, आणि हेच मला कळत नसे. मी शिकले की तुम्हाला घरी बसवणार, हे तुम्हाला ठाऊक होतं, मलाही होतं. मी मनात म्हणायचे, हा माणूस वेडा आहे की काय. मग एकदा गाडी मागून हॉर्न वाजवत होती आणि तुम्ही हललाच नाहीत, तेव्हा मला कळलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःहूनच दाखवलंत, दांडीची वाटी काढून टाकायची, लाकूड दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. तीन वर्षं तुम्ही अशीच गळती शोधत होतात. कान गेलेला माणूस दातांनी अख्खं शहर ऐकत होता आणि खात्यात कुणाला पत्ता नव्हता. मला त्या दिवशी तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं, पण तुम्ही म्हणाला असतात, नाटकं पुरे, पुढचं झाकण उघड.

सगळ्यात शेवटी तुम्ही मला तो आवाज दिलात. बारीक गळती ओरडते, सूं करते, ती कुणालाही सापडते. मोठी गळती ओरडत नाही. तिच्याभोवतीची माती वाहून गेलेली असते, पोकळी झालेली असते, तिथे पाणी नुसतं घुरघुरतं, मांजर मांडीवर झोपल्यासारखं. नवखा माणूस म्हणतो, हा विजेच्या डब्याचा आवाज, आणि पुढे जातो. तुम्ही म्हणालात, हा एक आवाज ओळखलास तर तू माणसं वाचवशील. हे वाक्य मी विसरले असते तर बरं झालं असतं.

काका, दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात, मी तर पाणीही फुंकून पीत होते. चार वर्षांत मी खात्यातल्या कपाटात एक वस्तू ठेवली नाही. चहाचा कप रोज संध्याकाळी पिशवीत घालून घरी, सकाळी परत. बंद पाकीट दिसलं की आधी त्यावरचं नाव वाचायचे. साहेब सहज म्हणाले, ‘बाई, जरा येऊन जा,’ की त्या वीस पावलांत माझं घर, लेकीची फी, सगळं डोळ्यांपुढून जायचं. तिथे गेल्यावर कळायचं, त्यांना फक्त पंख्याचं बटण कुठलं ते विचारायचं होतं.

आणि गेल्या वर्षी ते डबे आले. मुठीएवढे, पाइपला चिकटून बसायचे आणि दिवसरात्र ऐकायचे. त्यांच्याबरोबर आमच्या नव्या इंजिनिअरबाई आल्या. वयाने माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या, गुणी, जेवताना माझ्याच शेजारी बसतात. त्यांनी माझ्यापुढे हेडफोन ठेवले आणि म्हणाल्या, ‘ताई, नऊशे आवाज आहेत. गळती कुठली आणि काय नाही, तेवढं तुम्ही सांगा. यंत्र तुमच्याकडूनच शिकणार.’ तोच हेडफोन, तीच खुर्ची, तेच गोड बोलणं. यंत्राला पुन्हा काही शिकवणार नाही, असा मी कानाला खडा लावला होता. पण नाही म्हटलं तरी नोकरी जाणार. मग मी तिसरी वाट काढली. आठशे एकोणनव्वद आवाज खरे सांगितले. अकरा आवाज तुमचे होते, ते मांजराचे. त्या अकरांपुढे मी लिहिलं, विजेचा डबा.

मी स्वतःला सांगितलं, त्या गल्ल्यांमधून मी आहेच की रोज फिरायला, कुणाचं काय बिघडतंय. चोरी करणाऱ्यालाही आपण कुलूपच लावतोय असं वाटत असावं.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलंत. बेकरीमागच्या गल्लीत यंत्र म्हणालं, सगळं ठीक. मी पहाटे दांडी लावली आणि मला तुमचं मांजर ऐकू आलं. मी म्हटलं, खणा. खणलं तर डांबराच्या वीतभर थराखाली खोलीएवढी पोकळी, आणि तिच्यावरून रोज शाळेची बस जाते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या साहेबांनी हात मिळवला, म्हणाले, यंत्र गुंडाळा, आपली माणसंच बरी, आणि येत्या शुक्रवारी तुमच्या हस्ते माझा सत्कार ठरला. जी नोकरी टिकावी म्हणून मी चार वर्षं जीव मुठीत धरून होते, ती एका सकाळीत पक्की झाली. पेपरात एकच गोष्ट आली नाही, कारण ती मला एकटीलाच ठाऊक होती. तिथे पाइपला चिकटवलेला डबा नऊ दिवस तो आवाज ऐकत होता. त्याला चांगला ऐकू येत होता. मी शिकवलं तसं तो गप्प बसला.

त्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून मी खाली पाहिलं आणि मला पहिल्यांदा कळलं की आपण केवढ्या मोठ्या गोष्टीवर काम करतो. तुम्ही मला केवढं दिलं होतंत, तेही तेव्हाच कळलं. लाज वाटली, भीती वाटली, पण खरं सांगू का, सगळ्यात जास्त मी थक्क झाले. एवढासा आवाज, आणि त्याच्या मागे एवढं काळं, थंड, खोल.

आठ दिवस मी अभिनंदनं घेतली. मग तुमचं कार्ड आलं, त्या भोक पडलेल्या रेघेसकट. परवा शुक्रवारी दुपारी मी इंजिनिअरबाईंच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं, हॉस्पिटलपासून. त्या रागावतील, रडतील, साहेबांना बोलावतील, मी सगळ्याची तयारी करून गेले होते. त्यांनी आवाजांची यादी उघडली. मग खुर्ची सरकवून म्हणाल्या, ‘अकरा कुठले ते दाखवा.’ आम्ही दोघी सहापर्यंत बसलो. मी एकेक आवाज लावला, मोठी गळती कशी घुरघुरते ते सांगितलं, तुम्ही मला सांगितलंत त्याच शब्दांत. मांजराचंसुद्धा सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग यंत्राला सगळे जुने आवाज पुन्हा ऐकायला लावले. बेकरीची गल्ली त्याने लगेच सांगितली. मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, झालं, संपलं आपलं. तेवढ्यात त्याने आणखी एक जागा दाखवली. वाचनालयाच्या भिंतीखाली. काका, वाचनालयासमोरून मी चार वर्षं दर आठवड्याला दांडी लावत आलेय. काल पहाटे पुन्हा गेले. एकदा नाही, चारदा ऐकलं. काही नाही. परत आल्यावर इंजिनिअरबाईंनी तो आवाज वाढवून माझ्या कानात सोडला. मांजराच्याही खालचा, फार हळू, श्वासासारखा, आणि मध्येच थांबणारा. मला वाटलं होतं, माझंच शिकवलेलं ते मला परत ऐकवेल. हे तर मी शिकवलंच नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. पहिल्या पहाटे झाकणाशी आला होता, तसा होता.

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे आता परत टेबलावर टाइप करणार का?’ मग आम्ही दोघी हसलो, फीचा दुसरा हप्ता बाकी आहे हे दोघींना माहीत असूनही. कप काल ऑफिसातच राहिला. आज सकाळी चहा ओतताना लक्षात आलं.

तर काका, शुक्रवारी सत्कार नाही. तुम्ही कोट घालून व्यासपीठावर चढल्यावर तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून आधी तुम्हाला लिहिलं. तुम्ही दोन रेघा मारल्यात ते वाक्य खरं नाही, ते तुम्हीच खोडा. साहेबांना इंजिनिअरबाई आणि मी उद्या सकाळी सांगणार आहोत. मला ठेवायचं की काढायचं ते शुक्रवारी दुपारच्या बैठकीत ठरेल, आणि काढलं तर मी कुणाला दोष देणार नाही. पण त्याच दिवशी सकाळी सात वाजता वाचनालयासमोर खणणार आहेत. इंजिनिअरबाईंनी रस्ता आत्ताच बंद करून घेतलाय. तुमचा राग गेला नसेल तरी या. कोट नको, कानटोपी मी आणते. तुमची जुनी दांडी घेऊन या, पुढचे दोन दात अजून जागेवर असतील अशी आशा आहे. खणायच्या आधी ती दातांत धरा आणि सांगा, आहे का तिथे काही. यंत्र चुकलं असं तुम्ही म्हणावं म्हणून बोलवत नाहीये. असेल तर दांडी माझ्याकडे द्या आणि ते दातांनी ऐकणं मला शिकवा, सहा आठवड्यांत तेवढं एकच माझं राहून गेलं होतं. दुपारचं दुपारी बघू. सकाळी आपण दोघं तिथे साडेपाचला हजर असू.

तुमचीच,
टायपिस्टबाई